हातात येणारे पैसे

कंपनीत लागले तेव्हा मला युनिफॉर्म मिळाला, आणि त्या युनिफॉर्मच्या पँटला चार खिसे होते.

तोवर मी खिसा असा वापरलाच नव्हता. शाळेच्या गणवेशाला एक होता, त्यात बोरं असायची. पुढं कॉलेजभर पंजाबी ड्रेस, त्याला खिसा नाही. पैसे पर्समध्ये. पर्स विसरली तर रुमालाच्या गाठीत, नाहीतर मोबाइलच्या कव्हरमागं घडी घालून. दादाच्या पँटीला मात्र पुढं, मागं, बाजूला, जिकडं तिकडं खिसे. गावातल्या पारावर तो दोन्ही हात खिशात घालून उभा राहिला की मला वाटायचं, ह्याच्या हातांना जागा आहे, आपल्या हातांना नाही.

रांजणगावच्या एमआयडीसीत गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत मी क्वालिटीला लागले होते. कारेगावात एक खोली भाड्यानं घेतली, सोबत नांदेडकडची एक मुलगी. कंपनीचा नियम असा की बॅग लॉकरमध्ये ठेवायची, लाइनवर आणायची नाही. जे काही बरोबर हवं ते खिशात. मला तर ते आवडलंच. पहिले काही दिवस मी नोटा तशाच खिशात कोंबत होते. एकदा पन्नासची नोट पँटीबरोबर धुतली गेली. वाळवल्यावर ती इतकी मऊ झाली की गेटसमोरच्या चहावाल्यानं ती दोन बोटांत धरून उन्हात बघितली आणि मग माझ्याकडं बघितलं. दुसऱ्यांदा एटीएम कार्डच खिशातून कुठंतरी घसरलं. ते कँटीनमध्ये सापडलं, पण तोवर मी सगळी लाइन पालथी घातली होती.

खोलीतली मैत्रीण म्हणाली, "पाकीट घे की. गड्यांचं असतं तसलं."

म्हणून सुट्टीच्या दिवशी मी शिरूरला गेले. एसटी स्टँडच्या जवळ बॅगा, पट्टे आणि पाकिटांचं एक दुकान आहे. दारातच पट्ट्यांची झालर लोंबत असते, ती हातानं बाजूला करून आत जावं लागतं. दुकानदार साठीचे, कपाळावर चष्मा चढवलेले.

"काका, पाकीट दाखवा."

"भावासाठी का मिस्टरांसाठी?"

"माझ्यासाठी."

त्यांनी "असं का" म्हणून लगेच माझ्यापुढं चार लेडीज पर्स मांडल्या. एक गुलाबी, एक चकचकीत सोनेरी साखळीची, एकीवर फुलपाखरू. सगळ्या हातभर लांब. मी मुद्दाम युनिफॉर्मची पँट घालून गेले होते. गुलाबी पर्स खिशात घालून दाखवली, ती अर्धी बाहेर राहिली.

"ही खिशात बसत नाही काका. मला खिशात बसणारं पाहिजे."

तेव्हा कुठं त्यांनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला. मग त्यांनाही ह्या प्रकरणात रस वाटायला लागला. एकेक पाकीट काढून देऊ लागले, मी ते खिशात घालून बघायची, चालून बघायची, दुकानातल्या स्टुलावर बसून बघायची. मागच्या खिशात घातलं की बसताना एक बाजू वर व्हायची.

"गडी लोक कसं काय बसतात हो असं?"

"सवय," ते म्हणाले. मग म्हणाले, "मीपण तसाच बसतो. कधी इचारच केला न्हाई." आणि त्यांनी स्वतःचं पाकीट मागच्या खिशातून काढून बघितलं. ते चांगलं वीटभर जाड होतं आणि त्यांच्या बसण्यानं एका बाजूला वाकलं होतं.

त्यांनी विचारलं, "त्यात ठेवणार काय काय?"

मी पर्स काउंटरवर रिकामी केली. आधार कार्ड, एटीएम कार्ड, थोड्या नोटा, मूठभर चिल्लर, दोन सेफ्टी पिना, टिकलीचं पाकीट, डोकेदुखीच्या गोळ्या, केसांचं रबर. त्यांनी पिना आणि रबराकडं बघून मान हलवली. "ह्याला गड्यांच्या पाकिटात जागाच न्हाई. आन् चिल्लरला तर आता कुणीच जागा ठेवत न्हाई." मग काहीतरी आठवल्यासारखं करून ते खाली वाकले, काउंटरखालचा एक खोका ओढला आणि तळातून एक तपकिरी पाकीट काढलं. धूळ पुसली. आत नोटांचा कप्पा, कार्डांचे तीन कप्पे, आणि एका बाजूला टिचबटणाचा एक छोटा खिसा. पूर्वी सगळ्या पाकिटांना हा असायचा, ते म्हणाले. आता लोक सुट्टे बाळगत नाहीत, म्हणून कंपन्यांनी तो काढूनच टाकला.

मी ते बटण उघडलं, लावलं. उघडलं, लावलं. टिच, टिच. तिथंच माझं ठरलं.

मग भावाची घासाघीस झाली. पैसे द्यायला मी नोटा मोजायला लागले तर ते म्हणाले, "स्कॅन करा ना." म्हणजे पाकिटाचे पैसे काही पाकिटातून गेले नाहीत. ह्याचं आम्हा दोघांनाही हसू आलं. द्यायच्या आधी त्यांनी गल्ल्यातून एक रुपया घेतला आणि त्या छोट्या खिशात टाकला. "रिकामं पाकीट कुणाच्या हातात देऊ न्हाई."

पाकीट घेतल्यापासून मला एक नवीनच खोड लागली. दुसरे लोक पैसे कुठं ठेवतात ते बघायची. पूर्वी ह्याच्याकडं माझं लक्षच नव्हतं. आता बसमध्ये, चहाच्या टपरीवर, दळणाच्या गिरणीत, जिथं तिथं माझे डोळे लोकांच्या हातांमागं जायचे. आमच्या लाइनवरच्या एका वयस्कर बाईंनी ब्लाउजच्या आतून एक छोटी पिशवी पिनेनं अडकवली होती, ती काढताना त्या दर वेळी भिंतीकडं तोंड करायच्या. बिहारकडचा एक ऑपरेटर नोटा मोज्यात ठेवायचा. का म्हणून विचारलं तर म्हणाला, "ट्रेन में आदत पड़ गई, दीदी." आमच्या सुपरवायझरांचं पाकीट फुगीर, म्हणून मला वाटायचं पैसेवाले असतील. एकदा कँटीनमध्ये मी सरळ विचारलंच, "सर, काय काय आहे हो त्यात?" त्यांनी मोकळेपणानं उलटं केलं. पेट्रोलच्या पावत्या, देवाचे तीन फोटो, एका लग्नाची चुरगळलेली पत्रिका, मुलीचा पासपोर्ट साइझ फोटो. नोट एकच. बाकीचं सगळं फोनमध्ये, ते म्हणाले, आणि ते कागद परत जिथल्या तिथं नीट भरले. एकही टाकला नाही.

असं बघता बघता मी एकदा गावी गेले.

आमचं गाव खुटबाव. न्हावऱ्याहून चौफुल्याला जाणारी गाडी धरायची, पारगावला भीमेचा पूल ओलांडायचा, चौफुल्याला दादा मोटरसायकल घेऊन उभा असतो. आमची फुलांची शेती. झेंडू, शेवंती, थोडी गुलछडी. वडील गेले त्याला बरीच वर्षं झाली. शेत दादा बघतो, फुलं विकायला आई दौंडला जाते, रेल्वेच्या शटलनं, डोक्यावर गाठोडं घेऊन. मी शाळेत होते तेव्हापासून ती जाते. बाजारात एका दुकानाच्या ओट्यापाशी तिची जागा ठरलेली आहे.

घरात शिरल्या शिरल्या मी पाकीट आईच्या हातात दिलं. तिनं हात पदराला पुसले, खाटेवर बसली आणि एकेक कप्पा उघडून बघायला लागली.

"ह्यो कशाला?"

"कार्डाला."

"आन् ह्यो, त्याच्या मागचा?"

"तो उगाच आहे. काय पाहिजे ते ठेवायचं."

"उगाच कुणी कप्पा करील व्हय?" तिनं त्यात बोट घालून बघितलं. मग टिचबटणाचा खिसा तिला सापडला. तीही माझ्यासारखीच उघडत लावत बसली.

आईची स्वतःची एक कापडी पिशवी होती. खणाच्या कापडाची, तिनंच शिवलेली, तोंडाला नाडी. नाडी कमरेला बांधून ती पिशवी साडीच्या निऱ्यांत खोचायची. लहानपणी ती दौंडहून आली की आम्ही दोघं भावंडं ती पिशवी ओढायचो. तिचा जडपणा हाताला लागला की खाऊ आलाय हे कळायचं. मी म्हटलं, "आता तुझी दाखव. बघू, कुणाची भारी."

आई म्हणाली, "माझ्यात काय बघायचंय," आणि उठून चुलीकडं गेली.

ह्याचं मला नवल वाटलं. आईनं कधी पिशवी लपवली नव्हती. ती वाकली तेव्हा पदराखालून पिशवीची नाडी दिसली, पण फुगवटा काही दिसला नाही.  मी दुसऱ्या दिवशी तिच्याबरोबर दौंडला जायचं ठरवलं. पूर्वी खूपदा गेले होते, नोकरी लागल्यापासून गेले नव्हते. आई म्हणाली, "कशाला? सुट्टीला आलीस, झोप की." मी ऐकलं नाही.

सकाळच्या शटलनं आम्ही गेलो. आईनं पोतं अंथरलं, फुलांचे ढीग लावले, पाणी शिंपडलं आणि छत्री उभी केली. छत्रीच्या दांड्याला एक नवीन वस्तू टांगलेली होती, प्लास्टिकमध्ये घातलेला, फोननं पैसे घ्यायचा क्यूआर कोड. खाली दादाचं नाव.

"हे कधी लावलं?"

"झालं की लई दिस. गिऱ्हाइकं परत जायाला लागली हुती. सुट्टं न्हाईत, स्कॅनर हाय का, स्कॅनर हाय का. मग दादानं आणून दिला."

मी बाजूला बसून हार ओवायला लागले आणि बघत राहिले. गिऱ्हाईक आलं. पाव किलो झेंडू. फोन काढला, कोडापुढं धरला, आईला फोनवरची हिरवी खूण दाखवली. आईनं आकडा वाचून मान डोलवली. गिऱ्हाईक गेलं. दुसरं आलं. फोन. तिसरं. फोन. पूजेचा पुडा घेणारी एक म्हातारी तेवढी नाणी मोजून देऊन गेली, आणि दहाच्या नाण्याचा एक ठोकळा देऊन एक माणूस गेला. तो ठोकळा कुणी घेत नाही म्हणून तो आईला खपवायचा होता. आईनं तो घेतला. आईचे हात सारखे फुलांत होते. पण पूर्वी दर गिऱ्हाइकाला ती निऱ्यांतून पिशवी काढायची, दातानं नाडी सैल करायची, पैसे आत टाकायची, ते आता जवळजवळ होतच नव्हतं.

दुपारपर्यंत माल संपत आला. चहावाला फिरत आला. शेजारी लिंबं विकणाऱ्या मावशीनं घेतला. आई म्हणाली, "मला नगं. पित्त हुतंय."

आईला चहानं पित्त झालेलं मी आयुष्यात कधी पाहिलं नव्हतं. दौंडच्या बाजारातला चहा ही तर तिची चैन होती. बशीत ओतून, फुंकर मारून, डोळे मिटून ती प्यायची.

मी दोन चहा घेतले. पाकीट काढून पैसे दिले. आईनं चहा प्यायला, बशीत ओतूनच.

परतीच्या शटलला गर्दी नव्हती. खिडकीपाशी बसलो. मी म्हटलं, "आई, तुझ्याकडं पैसे नसतात का?"

ती बाहेर बघत राहिली. उसाचे फड मागं जात होते. मग म्हणाली, "पैसं घरातच जात्यात की. भाईर कुठं जात्यात?"

"तसं नाही विचारलं."

"हातात येत न्हाईत," ती म्हणाली. "आधी कसं, आलेलं समदं ह्या पिशवीत यायाचं. घरी गेल्यावर दादाला द्यायाची. पण त्याच्या आधी चार कामं करून यायाची म्या. कुणाच्या बाळाला काय घेतलं, कुणाला सुपारी-पान, वाटंत भजी खाल्ली. आता पैसं माझ्या आधी घरी पोचत्यात."

"मग दादाकडं माग ना."

"मागते की. त्यो न्हाई म्हणत न्हाई कवा. गुणाचा हाय. पण इचारतो, कशाला?" ती माझ्याकडं वळली. "आन् मला सांगता येत न्हाई गं, कशाला त्ये. आधी कवा सांगावं लागलं न्हाई, त्यामुळं त्याची सवयच न्हाई."

मला दादाचा राग आला. पण घरी गेल्यावर तो ओट्यावर बसून माझ्यासाठी शेंगा निवडत होता, आणि त्याच्याकडं बघून कळत होतं की ह्याला ह्यातलं काहीच माहीत नाही. आईकडं साधा बटणांचा फोन, म्हणून त्यानं स्वतःचा कोड लावला. गिऱ्हाईक परत जायचं थांबलं, त्याच्या दृष्टीनं काम झालं.

आईचं बँकेत खातं होतं. गावात सगळ्या बायकांची खाती काढली तेव्हा काढलेलं. ते वापरलं नाही म्हणून बंद पडलं होतं. मी पुढच्या सुट्टीला आले तेव्हा आम्ही दोघी बँकेत गेलो. फोटो, आधारची झेरॉक्स, सह्या. आई चौथी शिकलेली, सही करते, पण सावकाश, अक्षराच्या डोक्यावर रेघ शेवटी आणि जपून. काउंटरवरच्या मुलीनं तोवर वाट बघितली. मग माझा जुना फोन, नवीन सिम, आणि आईच्या नावाचा कोड. त्याबरोबर बोलणारा डबा पण मागवला. पैसे आले की तो आकडा मोठ्यानं सांगतो. आईनं तो हातात घेऊन फिरवून बघितला, कानाला लावला. "ह्याला मराठी येतं का?" मराठी लावून दिल्यावर ती म्हणाली, "पण ही बाई पुण्याकडची दिसती."

एटीएम कार्ड आलं तेव्हा मी परत आले, खात्यात आधी थोडे पैसे टाकून. दौंडला एका एटीएमवर आम्ही गेलो. मी शिकवायच्या तयारीत. कार्ड कसं घालायचं, कुठली कळ, कुठली भाषा. आईनं सगळं लक्ष देऊन ऐकलं, दोन शंका विचारल्या. मशीनमध्ये नोटा संपल्या तर काय, आणि मधेच लाइट गेली तर आपलं कार्ड आतच राहतं का?  मग नवीन पिन टाकायची वेळ आली.

"चार आकडे टाक, तुझ्या लक्षात राहतील असे. कुणाची तरी जन्मतारीख..."

"तू भाईर थांब," आई म्हणाली.

"अगं, मी..."

"तूच सांगितलंस ना, कुणाला दाखवायाचं न्हाई म्हून. भाईर थांब."

मी काचेच्या दाराबाहेर उभी राहिले. पाठमोरी आई दिसत होती, पदर डोक्यावरून घेतलेला, मशीनवर वाकलेली. बराच वेळ लावला तिनं. बाहेर आली तेव्हा हातात कोऱ्या नोटा होत्या आणि चेहरा असा की जणू आत कुणाशी तरी महत्त्वाचं बोलून आली आहे. ती पिन काय आहे ह्याचं मला अजून कुतूहल आहे. वडिलांचं काही असेल, आमच्या जन्माचं असेल, का तिच्या माहेरच्या एखाद्या गोष्टीचं. दोन-तीनदा आडून आडून विचारलं. ती हसते.

दादाला सांगायचं राहिलंच होतं. ते आईनंच सांगितलं, सकाळी, भाकरी थापताना.

"उद्यापासनं माझा कोड लावणार हाय."

दादाच्या हातातला चहा तसाच राहिला. "म्हंजी? माझ्यावर भरोसा न्हाई व्हय?" तो आईकडं बघत होता, मग माझ्याकडं. "हिनं भरवलं का तुला?"

"कुणी भरवलं न्हाई. भरोशाचं बी न्हाई." आईनं भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं. "तुझं पाकीट हाय. तुझ्या बायकोची पर्स हाय. हिचं बी झालं. माझंच कुठं न्हाई."

"पण खताचं, डिझेलचं... त्ये समदं ह्याच खात्यातनं जातंय."

"जाऊ दे की. म्या देते ना. लागलं की माग."

 दादा चहा संपवून शेतावर गेला. त्या दिवशी दुपारी आला आणि जेवून लगेच परत गेला. वहिनीनं मला हळूच सांगितलं, ह्यांना वाईट वाटलंय. मलाही वाईट वाटलं. मी कारेगावला परत आले ती थोडी मनात खुटखुट घेऊनच.

पुढचं मला वहिनीनं फोनवर सांगितलं. औषध फवारायचं होतं, दुकानदाराला पैसे द्यायचे होते, म्हणून दादा आईकडं गेला आणि म्हणाला, "जरा पैसं लागत हुते." आईनं फुलं खुडता खुडता, काही मनात न ठेवता, अगदी सहज विचारलं, "कशाला?" दादा सांगायला लागला आणि मधेच थांबला. वहिनी म्हणाली, दोघं एकमेकांकडं बघत उभी राहिली. मग दादाच आधी हसला. म्हणाला, "असं वाटतं व्हय गं ह्ये." त्यानंतर त्यानं 'कशाला' हा शब्दच टाकून दिला. आईनंही.

आता आईला पाकीट हवं झालं. कार्ड कापडी पिशवीत ठेवलं की निऱ्यांत वाकतं, ही तिची तक्रार. फोन तर मावतच नाही. मी तिला दौंडच्या बाजारात घेऊन गेले. मला वाटलं माझ्यासारखंच एखादं घेईल. पण आईनं माझ्यापेक्षा कितीतरी जास्त चिकित्सा केली. चेन दहा वेळा ओढून बघितली, शिवण उलटी करून बघितली, वास घेतला. "ह्ये चामडं न्हाई." दुकानदार म्हणाला, "मावशी, रेग्झीनच आहे, मी कुठं चामडं म्हटलं." मग तिनं एक पाकीट निऱ्यांत खोचून खाली बसून, वाकून, फुलं निवडल्यासारखं करून बघितलं. दुकानात दोन-तीन माणसं होती, ती बघत राहिली. तिला कसला संकोच नव्हता. ते पाकीट टोचलं. दुसरं घसरलं. तिसऱ्याला कप्पे जास्त, "काय कुठं ठेवलं हुडकण्यातच दिस जाईल."

शेवटी तिनं घेतलं ते मोबाइलचं पाउच, लांब पट्ट्याचं. फोन मावतो, मागं कार्डाला एक कप्पा, पुढं नोटांना एक चेन. तिरकं गळ्यात घालायचं आणि वरून पदर. रंग जांभळा.

"आणि चिल्लर?" मी विचारलं.

"त्याला ही हाय की." तिनं कमरेच्या पिशवीवर हात ठेवला. "नोट आन् नाणं एका जागी ठेवूच न्हाई. नोट फाटती."

पैसे तिनंच दिले. मला पाकिटाला हात लावू दिला नाही.

त्यानंतर साधारण महिन्यानं मी शिफ्ट संपवून कारेगावला खोलीवर आले तर दारात आई बसलेली. बरोबर झेंडूची पिशवी आणि डब्यात शेंगदाण्याची चटणी. मी घाबरलेच. घरी काही झालं का?

"काय व्हायचंय? यावं वाटलं, आले."

"दादानं सोडलं का?"

"यष्टीनं आले. चौफुल्यावरनं न्हावऱ्याला, तिथनं शिरूर, शिरूरहून हिकडं. इचारत इचारत." मग जरा अभिमानानं, "अर्ध्या तिकिटात."

मी नोकरीला लागले तेव्हापासून तिला माझी खोली बघायची होती. कधी बोलली नव्हती. बोलली असती तर दादानं आणून सोडलंही असतं, आणि दुपारी परत नेलं असतं. तिला तसं नको होतं. तिला स्वतः यायचं होतं, वाटेत कुठं उतरावंसं वाटलं तर उतरून.

तिनं खोली बघितली. गॅस, नळाला पाणी किती वेळ येतं, खिडकीतून काय दिसतं. नांदेडची मैत्रीण आली, तिच्या डोक्यात आईनं लगेच गजरा माळला. मग म्हणाली, "कंपनी दाव." आम्ही तिघी चालत गेटपर्यंत गेलो. आत जाता येत नाही म्हणून ती बाहेरूनच बघत उभी राहिली. दुसऱ्या शिफ्टची माणसं चहाच्या सुट्टीतून परत आत चालली होती, सगळे एकाच रंगात. आई बराच वेळ बघत होती. म्हणाली, "एवढ्यांत तू कशी सापडत असशील कुणाला?"

मग समोरच्या गाडीवर तिनं आम्हाला भजी खाऊ घातली. तीन प्लेट सांगितल्या, परत एक सांगितली. चहाही घेतला. गाडीवाल्यानं विचारलं, "स्कॅन करणार का कॅश?" आई म्हणाली, "कॅश," आणि जांभळ्या पाउचची चेन ओढली. नोट दिली, उरलेले सुट्टे तळहातावर पसरून मोजले, कमरेच्या पिशवीत टाकले.

मी म्हटलं, आज राहा. ती नाही म्हणाली. सकाळी फुलं तोडायला बायका सांगितल्या होत्या. दिवस मावळायच्या आत गाडी मिळाली तर बरी. मी तिला शिरूरच्या स्टँडपर्यंत सोडायला गेले. न्हावऱ्याची गाडी लागलेलीच होती. आई चढली, खिडकीपाशी जागा मिळाली. मी खाली उभी राहून सांगत होते, पोचल्यावर फोन कर, चौफुल्यावर दादाला बोलाव, अंधार पडला तर एकटी चालत जाऊ नको. ती व्हय व्हय म्हणत होती, पण लक्ष पुढं होतं, कारण कंडक्टर तिकिटं देत तिच्याकडं येत होता.

गाडी सुटली तेव्हा मी हात हलवला. तिनं हलवला नाही. तिचे दोन्ही हात पाउचमध्ये होते.